शाल, श्रीफळ आणि पाऊण टक्का

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने मंडळाच्या स्वयंपाक्याला फसवलं, आणि फसवताना त्याच्या खांद्यावरची शाल माझ्या हातून घालून घेतली. पुढे जे लिहितो आहे तो या एका वाक्याचा तपशील आहे.

मी कोलकात्यात आलो तो बदली होऊन नाही. लेथ चालवता येत होतं आणि गार्डन रीचच्या एका वर्कशॉपमध्ये माणूस हवा होता, एवढ्यावर आलो. आज त्याच गल्लीत माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. नदीतल्या लाँचेसच्या पंपांना लागणारे बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या, आम्ही बनवतो. भंगारवाल्यापासून जहाजाच्या कंत्राटदारापर्यंत सगळ्यांशी घासाघीस करत मी इथवर आलो, आणि तोंड गोड असतं तर कदाचित अजून पुढे गेलो असतो. ते नाही.

मंडळातल्या बाकीच्यांचं वेगळं आहे. कुणी बँकेत, कुणी केंद्र सरकारच्या खात्यात, कुणी तेल कंपनीत. हल्ली आयटीवालेही येतात. तीन-चार वर्षं राहतात, दुर्गापूजेचे फोटो काढतात, मिष्टी दोई चांगलं की खरवस यावर वाद घालतात आणि बदली झाली की जातात. जाताना निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, श्रीखंडपुरी. एवढ्या वर्षांत मी इतक्या शाली दिल्या जाताना पाहिल्या आहेत की गुजराथेत निघालेला माणूससुद्धा कोलकात्याच्या उकाड्यात शाल पांघरून का उभा असतो, हा प्रश्न आता मला पडत नाही.

या बदल्यांमुळे मंडळाची एक रीत पडली आहे. इथे कुठलीच गोष्ट कुणी केलेली नसते. गच्चीवरची टाकी गळते, ती आधीच्या समितीने बसवलेली. हॉलचं भाडं वाढलं, ते आधीच्या समितीने वाढवलेलं. आधीची समिती आता भोपाळला किंवा चेन्नईला असते आणि तिथे दुसऱ्या एखाद्या मंडळाची आताची समिती असते. मी एकटा कायम इथे. म्हणून मला सगळे ‘काका’ म्हणतात आणि शक्यतो बैठकीला बोलवत नाहीत.

मंडळाचं एक अतिथिगृह आहे. बदलून आलेला अधिकारी क्वार्टर मिळेपर्यंत तिथे उतरतो. खाली हॉल, मागे मोठं स्वयंपाकघर. सफाईवाले, दरवान, स्वयंपाकी, त्याचे मदतनीस धरून माणसं दहाच्या वर, म्हणून कायद्याने सगळ्यांना ईएसआय लागू, आणि पीएफची खातीही मंडळाने पूर्वीच उघडलेली. पीएफ म्हणजे म्हातारपणची पुंजी. ईएसआय म्हणजे कामगाराचा आरोग्य विमा. थोडं कामगाराच्या पगारातून कापायचं, जास्त मालकाने घालायचं, आणि आजारपणात त्याच्यावर, त्याच्या बायकामुलांवर विम्याच्या रुग्णालयात उपचार. माझ्या वर्कशॉपलाही तेच लागू आहे, त्यामुळे या विषयात मला कुणी शिकवायची गरज नाही.

स्वयंपाकी ओडिशाचा. कोलकात्यात जुन्या काळापासून ओडिशातून स्वयंपाकी येतात आणि त्यांना ठाकुर म्हणतात. आम्हीही त्याला ठाकुरच म्हणतो. अधिकाऱ्यांच्या बायकांच्या हाताखाली तो आपला स्वयंपाक शिकला. पुरणपोळी अशी करतो की पुण्याच्या बायका रेसिपी विचारतात, आणि तो त्यांना त्यांच्याच कुणा मावशीचं नाव सांगतो. मराठीही त्यांच्याचकडून शिकला. म्हणून भरघोस मिशांचा हा माणूस दूध उतू गेलं की ‘अगंबाई’ म्हणतो. त्याला कुणी कधी सुधारलं नाही, मीही नाही. राहतो बजबजला, भाड्याच्या खोलीत, बायकोबरोबर. पहाटेच्या गाडीने येतो.

पहिला संशय मला आला तो काही वर्षांपूर्वी, सरकारने ईएसआयचे दर उतरवले तेव्हा. कामगाराकडून पावणेदोन टक्के कापले जायचे, ते पाऊण टक्का झाले. मालकाचे पावणेपाच होते, ते सव्वातीन झाले. माझ्या कारखान्यात ती बातमी दुपारच्या चहाला पोचली होती. मंडळात काय झालं ते मला ठाकुरकडून योगायोगाने कळलं. मी त्याला सहज म्हटलं, “आता हातात थोडं जास्त पडत असेल.” तो म्हणाला, “कुठलं हो, दादा. तेवढंच.”

मी तेव्हाच्या खजिनदारांना गाठलं. तरुण गृहस्थ, बँकेतले.

“काका, सॉफ्टवेअरमध्ये जुनाच दर राहून गेला,” ते म्हणाले.

“मंडळाचा वाटा किती भरता?”

“सव्वातीन.”

“म्हणजे सॉफ्टवेअरला मंडळाचा नवा दर कळला, कामगाराचा कळला नाही. हुशार सॉफ्टवेअर आहे. कुठून घेतलं?”

ते हसले नाहीत. जास्तीची कपात परत केली, यथावकाश त्यांची बदली झाली, शाल मिळाली. रक्कम क्षुल्लक होती आणि कदाचित ती खरोखरच नजरचूक असेल. पण मला अनुभव असा की नजर चुकते तेव्हा ती नेहमी एकाच बाजूला चुकते.

नंतर नव्या कामगार कायद्यांची चर्चा सुरू झाली. येणार, येणार म्हणून वर्षानुवर्षं गाजत होते. त्यातली एक तरतूद अशी की पगारातले भत्ते निम्म्यापेक्षा जास्त दाखवले तर वरचा भाग पगारातच धरायचा. मंडळाने ठाकुरचा मूळ पगार लहानसा ठेवला होता आणि बाकी सगळे भत्ते. धुलाई भत्ता, प्रवास भत्ता, सणावारांचा भत्ता. पीएफ फक्त मूळ पगारावर. आता तो वाढणार होता. यावेळचे खजिनदार कुठल्याशा सरकारी कंपनीत हिशेबाचे अधिकारी होते. ते जो भेटेल त्याला सांगत होते की दर वाढणार. मी एकदा म्हटलं, “साहेब, दर तोच आहे. तुम्ही पगार घडी घालून लहान केला होता, सरकार ती घडी उलगडायला सांगतंय.”

“परिणाम तोच ना, काका,” ते म्हणाले. “मंडळाला परवडायला नको?”

हॉलला नवं एसी त्याच वर्षी बसलं, हे मी तेव्हा बोललो नाही. बोलायला हवं होतं, पण बायको शेजारी होती.

पाडव्याच्या आधी अध्यक्षांचा फोन आला. “काका, आपल्या ठाकुरजींचा सत्कार करायचाय. इतकी वर्षं सेवा केली. शाल तुम्ही आणा, भाव पाडावा तर तुम्हीच. आणि घालायचीही तुम्हीच, सर्वांत जुने सभासद म्हणून.”

‘ठाकुरजी’ ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. आदर एकदम वाढला की मी एरवी खिसा चाचपतो. पण माणसाला मान मिळत होता आणि तो त्याला शोभणारा होता. मी एस्प्लनेडच्या बाजारात गेलो. फुटपाथवरच्या एका शालवाल्याने सांगितलेला भाव ऐकून मी न बोलता चालायला लागलो. त्याने मागून हाक मारली, “दादा, शाल कुणासाठी?” मी म्हटलं, “स्वयंपाक्यासाठी.” तो म्हणाला, “मग कमी किमतीची दाखवतो.” मला राग आला. मी म्हटलं, “हीच दे, आणि कमी किमतीत दे.” त्याने दिली. चांगली लोकर, करवती काठ. त्या दिवशी मी खुशीत घरी आलो, हे आज आठवलं की चिडचिड होते.

पाडव्याला हॉल भरलेला. गुढी उभी. ठाकुर परीटघडीचा सदरा घालून खुर्चीवर बसलेला, आणि त्याची बायको पहिल्या रांगेत, खुर्चीचा हात घट्ट धरून. तिचा खुबा तेव्हापासूनच दुखत होता. मी शाल घातली. टाळ्या झाल्या. ठाकुर म्हणाला, “अगंबाई, एवढं कशाला,” आणि सगळा हॉल प्रेमाने हसला. मग अध्यक्ष उठले. म्हणाले, “आजपासून ठाकुरजी आपले कर्मचारी नाहीत. ते आपले सहकारी उद्योजक आहेत. आपल्या स्वयंपाकघराचे स्वतंत्र केटरर.” पुन्हा टाळ्या. मी शालीचं टोक अजून सारखं करत होतो. फोटो त्याच क्षणी निघाला.

पंगतीत मी खजिनदारांच्या शेजारचं पान धरलं.

“त्याचा विमा?”

“काका, श्रीखंड घ्या. ते आता स्वयंरोजगारात. सहीसुद्धा झाली. पीएफ, ईएसआय काही कटकट नाही. त्यांच्या हातात जास्त पडेल.”

“आणि आजारी पडला तर?”

“नव्या कायद्यात स्वयंरोजगारवाल्यांसाठीही योजना आहेत.”

“आहेत, की येणार आहेत?”

“येतील की.”

“साहेब, उद्या येणाऱ्या लाँचमध्ये आज पाय टाकला तर माणूस गंगेत पडतो. गार्डन रीचला या, दाखवतो.”

माझा आवाज चढला असावा, कारण समोरच्या रांगेतून बायकोने नुसतं पाहिलं. मी पुरी तोडली.

आठवड्याने मी स्वयंपाकघरात गेलो. ठाकुर खुशीत होता, नाराज होता तो माझ्यावरच, पंगतीत भांडलो म्हणून. त्याने व्हिजिटिंग कार्डं छापली होती, इंग्रजीत, कोपऱ्यात मोदकाचं चित्र. मी म्हटलं, “हे कार्ड राहू दे. विम्याचं कार्ड बंद झालं असणार तुझं.”

“काहीतरीच तुमचं, दादा,” तो म्हणाला. “परवाच बायकोच्या गोळ्या आणल्या त्याच्यावर. तुम्हाला ना, सगळीकडे चोरच दिसतात.”

गोळ्या तर खऱ्याच मिळाल्या होत्या. ही विम्याची रीत मला ठाऊक होती, पण त्या क्षणी तिचा अर्थ लागला नाही. भरणा बंद झाला तरी आधी भरलेल्याच्या जोरावर कार्ड काही महिने चालतं. झाड तोडलं तरी पानं लगेच सुकत नाहीत. ज्याला कुणाला फसवायचं असेल त्याच्या दृष्टीने याहून सोयीचं काही नाही. फसवणूक उघडी पडते तेव्हा फसवणारा दुसऱ्या गावी सामान लावत असतो.

तसंच झालं. पावसाळ्यात अध्यक्षांची बदली झाली, दिवाळीनंतर खजिनदारांची. दोघांनाही शाली मिळाल्या. त्या मात्र मी आणल्या नाहीत.

दरम्यान ठाकुरच्या बायकोचा खुबा पार झिजला. विम्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं. रांग लांब होती. तिने भिंत धरून महिने काढले. पाणी भरायला शेजारीण, बाजाराला ठाकुर. अखेर माघात, सरस्वती पूजेनंतरची तारीख मिळाली. ठाकुरने मला विचारलं, बरोबर याल का. मोठ्या रुग्णालयात त्याला बोलायला भीती वाटते आणि मला कुठेच वाटत नाही.

खिडकीतल्या कारकुनाने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा टाकला.

“एप्रिलपासून भरणा नाही,” तो बंगालीत म्हणाला. “नोकरी सोडली?”

“सोडली नाही,” ठाकुर म्हणाला. “बढती मिळाली.”

“बढती मिळाली तर भरणा वाढतो, दादा. बंद होत नाही.” तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, मालकाला विचारा, चूक असेल तर दुरुस्त करून आणा. पण तारीख धरून ठेवता येणार नाही, मागे लोक आहेत.

ठाकुर खिडकीपाशी तसाच उभा राहिला. बायको बाकावर होती, काठी गुडघ्यांत धरून. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती ओडियात बोलली, पण मला कळेल इतकं सावकाश. “शाल आणली आहेस का? दाखव त्यांना. शालीवर करतात का बघ.”

परत निघताना ठाकुर टॅक्सीत पुढे बसला. मीच म्हटलं, “खर्च मी करतो. खाजगीत करू.” मला वाटलं ती रडेल वगैरे. तिने मान हलवली. “तुम्ही केलात तर ते सुटले,” ती म्हणाली. “त्यांनी नाव काढलंय, त्यांनीच घालावं.” इतक्या वर्षांच्या घासाघिशीत माझ्याशी असा सौदा कुणी केला नव्हता.

मी माजी खजिनदारांना फोन लावला.

“काका! कसं आहे कोलकाता?”

मी कोलकाता कसं आहे ते सांगितलं.

“फार वाईट वाटलं,” ते म्हणाले. “पण मी आता कमिटीवर नाही ना. आणि ठराव एकमताने झालेला होता.”

“कुणाच्या एकमताने? ठाकुर होता?”

“त्यांची सही आहे, काका. शिवाय फोटो आहे. तुम्हीच तर शाल घालताय.”

त्या वाक्याला मी फोन ठेवला. फेकला, असं बायको म्हणते.

आताच्या समितीसमोर मी न बोलावता गेलो. नव्या अध्यक्षांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि शेवटी अपेक्षेप्रमाणे म्हणाले, “हा निर्णय आधीच्या समितीचा आहे.” त्यांच्या फोनवर तो फोटो होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. “बघा, ठाकुर स्वतः किती आनंदात आहेत. स्वतंत्र व्यावसायिक झाले, त्यांनी स्वीकारलं.”

मी म्हटलं, “साहेब, स्वतंत्र व्यावसायिकाला चार प्रश्न विचारतो, तुम्हीच उत्तर द्या. गॅस कुणाचा?”

“मंडळाचा.”

“पातेली?”

“मंडळाची.”

“उद्या काय शिजणार ते कोण ठरवतं?”

“भोजन समिती.”

“आणि त्याला गावी जायचं असलं तर कुणाला विचारतो?”

अध्यक्षांनी चिटणीसांकडे पाहिलं. म्हणजे चिटणीसांना.

“मग कसला डोंबलाचा स्वतंत्र? तोच माणूस, तीच चूल, तीच पहाटेची गाडी. तुम्ही फक्त त्याचं नाव पगारपत्रकातून उचललंत. कायद्याला शब्दाशी देणंघेणं नसतं. आणि त्याला वगळून माणसं कमी दाखवलीत तरी एकदा लागू झालेला विमा सुटत नाही, हे तुमच्यातल्या प्रत्येकाच्या कार्यालयात माहीत आहे. तिथे असं केलंत तर युनियन दारात बसेल.”

चिटणीसबाई आयटी कंपनीतल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, आणि मनाने चांगल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, “काका, चिडू नका ना. आपण मदतनिधी गोळा करू. रामनवमीच्या कार्यक्रमात त्यांना चेक देऊ या.”

“आणि शाल?” मी विचारलं.

कोपऱ्यातून एक सभासद अगदी मनापासून म्हणाले, “शालही देऊ, अर्थात.”

त्यानंतर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात इतकंच की ज्याचं होतं ते काढून घ्यायचं आणि त्यातला तुकडा मदत म्हणून समारंभाने परत करायचा, याला आमच्या बाजारात वेगळा शब्द आहे, तो मी वापरला.

माझी मागणी साधी होती, आजही तीच आहे. ज्या दिवशी नाव काढलं त्या दिवसापासून ते परत घाला. मधला भरणा दंडव्याजासह भरा. मालकाचा वाटा मंडळाचा, आणि कामगाराचा पाऊण टक्काही मंडळाचाच, कारण वेळच्या वेळी न कापलेली कपात मागाहून कामगाराच्या गळ्यात मारता येत नाही. मग मी रुग्णालयात जाऊन नव्या तारखेसाठी भांडतो. ते माझ्याकडे लागलं.

नाहीतर विमा कार्यालयाकडे तक्रार. तक्रारीवर ठाकुरची सही हवी होती आणि तो करत नव्हता. “दादा, सही केली तर चूल कुणाची?” म्हणायचा. त्याचं खोटं नव्हतं. मी जोर केला नाही. मला तर त्याच्या डोळ्यांत बघवतही नव्हतं. जोर तिने केला. एका रविवारी बजबजला त्यांच्या खोलीवर गेलो, तर ती शाल खाटेवर चौपदरी घालून तिच्या दुखऱ्या बाजूखाली ठेवलेली होती. ठाकुर चहा करत होता. ती त्याला म्हणाली, “मला उठून यायला लावू नकोस.” त्याने गॅस बारीक केला, हात पुसले आणि सही केली. ‘अगंबाई’ म्हणाला नाही.

अर्ज माझ्याकडे आहे. तो देण्याआधी मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहिलं, माजी मंडळीही त्या ग्रुपवर आहेत. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची चित्रं आली. एकाने रामनवमीच्या शुभेच्छा दिल्या. माजी अध्यक्षांनी वाचलं, हे दोन निळ्या खुणांवरून दिसतं.

म्हणून इथे, ग्रुपबाहेर, चारचौघांत लिहितो. बदली झाली म्हणून केलेलं काम बदलत नाही. नाव काढण्याचं कुणाला सुचलं, कुणी मान्य केलं, आणि विम्याचं काय हे त्या माणसाला सही घेताना कुणी सांगितलं, या तिन्हीची उत्तरं मला नावानिशी हवी आहेत. ती मला देऊ नका, मी शाल घालणारा. तिला द्या. आधीची समिती आणि आताची, दोघींनी एकत्र बसावं. जे लांब आहेत त्यांनी फोनच्या पडद्यावर यावं. तिला मी बजबजहून घेऊन येईन. फक्त बैठक हॉलमध्ये ठेवू नका. हॉलला पायऱ्या आहेत आणि त्या तिला चढता येत नाहीत. अंगणात खुर्च्या मांडा, तिची पुढे ठेवा, आणि तिच्याकडे बघून सांगा.